कानातला खडा

अमावास्येच्या रात्री पितू अकरा तोपा घेऊन आला.
होडीचा काठ पाण्याला टेकलेला,
आणि तो हसत नव्हता.
थंडीनं दात वाजत होते, म्हणून असेल.

तोपा म्हणजे आमच्या रोव्हियाना खाजणातला पोपटमासा.
पोपटाची फक्त चोच;
बाकी आडवा ठेवला तर माझ्या सात वर्षांच्या लेकीएवढा,
कपाळावर टेंगूळ,
जन्मभर धडका दिल्यासारखं.
दिल्यासारखं काय, दिलेल्याच असतात:
विणीच्या दिवसांत पहाटे दोन नर समोरासमोर येतात.
बाबा म्हणायचे, तो आवाज
होडीच्या तळातून तळपायाला कळतो.

दिवसा यांच्या वाटेला कोणी जात नाही.
बाहेरच्या कड्यावर, लाट फुटते तिथे,
चाळीस-पन्नासांचा कळप
जिवंत पोवळं कराकरा फोडत फिरतो.
चोच आहे, जठर नाही.
खरंच नाही, मी फाडून पाहिलंय.
घशातच जातं बसवलंय, दातांचं;
त्यात खडक दळला जातो
आणि मागून पांढरी वाळू पडते,
ढगासारखी, निवांत.
माशामागे वर्षाला पाच टन,
असं आमच्या केंद्रातल्या तक्त्यावर लिहिलंय.
बाबांनी तक्ता पाहिला नव्हता.
म्हणायचे, अनवाणी चाल गं किनाऱ्यावरून,
कुणाच्या तरी जेवणावरून चालतेयस.

रात्री मात्र हेच मासे
उथळ पाण्यात येऊन झोपतात,
इतके गाढ
की पाठ थोपटावी.
बाबा झावळ्यांची चूड पेटवून होडीतून वाकायचे.
एक भाला, एक मासा,
शेजारीपाजारी वाटून उरायचा.
पितूकडे पाण्याखाली चालणारी बॅटरी आहे.
बॅटरीला दम लागत नाही.

माझं काम मुंड्याच्या मासळी केंद्रावर.
तोलायचं, लांबी मोजायची,
डोकं उघडून कानातला खडा काढायचा.
एवढ्या मोठ्या डोक्यात एवढासा खडा.
कापून, घासून भिंगाखाली धरला
की कडी दिसतात, खोडात असतात तशी,
वर्षाला एक.
सगळ्यात मोठ्या नराची मी तीनदा मोजली.
चौतीस.

पितूही चौतीसचा.
तो जन्मला तेव्हा
हा कुठल्याशा खारफुटीच्या मुळांत
बोटाएवढा, हिरवट, अंगावर पांढरे ठिपके,
श्वास धरून लपलेला असणार.
आई तिथेच शिंपले वेचायची,
पाठीला पितू बांधून.

हे मी त्याला सांगायला नको होतं.
त्यानं भिंगाला डोळा लावला, बराच वेळ.
मग म्हणाला, बाकीचे?
सव्वीस. एकोणीस. पुन्हा सव्वीस.
नऊ, ही मादी,
पोटात पहिलीच अंडी...
पुरे, म्हणाला.
किलोला काय भाव आला ते सांगितलं नाही,
जुनिताच्या शाळेची फी मात्र सांगितली,
दोनदा.
मी वहीत बघत राहिले.

खडा पाकिटात घातला, पाकिटावर आकडा लिहिला.
कान दोन असतात.
दुसरा खडा पितूनं मागून घेतला.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर
बाबांच्या कबरीवर नवी वाळू घालायला गेलो.
जुनी पावसात वाहून जाते, दरवर्षी.
मी टोपली सरळ उपडी केली.
पितू ओंजळीतून सोडत होता,
हळू,
कुणी वजन विचारणार असल्यासारखा.

काल पुन्हा चंद्र नव्हता.
तो पायरीवर बसला होता,
एका मुठीत बॅटरीचे सेल,
दुसरी मूठ मिटलेली.
जुनिता आत पाढे म्हणत होती, अडत होती.
मी कान दिला.
खाजणाकडून काहीच आवाज नाही.
रात्री नसतोच.
रात्री ते झोपतात.